घृतभाजन : संधानपात्राच्या पूर्वसंस्काराविषयीं थोडा विचार

वैद्यकाच्या पोथ्या चाळणारांस 'घृतभाजन' हा शब्द नवा नाहीं. आसव किंवा अरिष्ट करावयाचें असलें म्हणजे काढा, गूळ, मध, धायटीचीं फुलें इत्यादि द्रव्यें व त्यांचीं मानें सांगून झाल्यावर ग्रंथकार अखेरीस हें सर्व घृतभाजनांत घालून, तोंड बंद करून, अमुक दिवस ठेवावें असें सांगतो. चरकाच्या अर्शश्चिकित्सेंत अभयारिष्ट सांगतांना हा शब्द आहे. पुढील ग्रंथांतून 'घृतभांड' या रूपानें तो इतक्या वेळां येतो कीं वाचणाराची नजर त्यावरून सहज पुढें सरकते. भाषांतरांतून त्याचा अर्थ बहुधा 'आंतून तूप चोपडलेलें मडकें' असा दिलेला आढळतो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. घृतभाजन म्हणजे ज्यांत पुष्कळ दिवस तूप सांठविलें गेलें तें तुपाचेंच जुनें मडकें, आणि संधानासाठीं तें त्याच्या मूळच्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर लाविलेलें असे, असें माझें मत आहे. भेद वरवर पाहतां लहान आहे. परंतु आमच्या परभणी जिल्ह्यांत आज ज्या भांड्यांत आंबविण्याचीं कामें चालतात तीं पाहिल्यावर तो मला लहान वाटेनासा झाला.

प्रथम ग्रंथांचा पुरावा पाहूं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत दहाव्या, म्हणजे महाकुष्ठाच्या अध्यायांत एका अरिष्टाची कृति आहे. तेथें भांड्याविषयीं तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तें आंतून पिंपळी, मध व तूप ह्यांनीं लिंपलेलें असावें. तें घृतभाजन असावें. आणि तें 'प्राक्कृतसंस्कार', म्हणजे ज्यावर आधींच संस्कार झाला आहे असें असावें. मग गूळ, पाणी, लोहचूर्ण इत्यादि घालून तें जवाच्या राशींत सात रात्रीं पुरून ठेवावयाचें. आतां घृतभाजन म्हणजे नुसतें तूप चोपडलेलें भांडें असें धरलें, तर पहिलें विशेषण व दुसरें पद ह्यांत तूप दोनदां येतें. सुश्रुतासारख्या मोजकें बोलणाऱ्या ग्रंथकाराकडे ही पुनरुक्ति कशासाठीं लावावयाची? उलट, तुपाचें जुनें मडकें घ्यावें आणि त्यालाही ऐन वेळीं आंतून पुन्हां लेप द्यावा असा अर्थ केला कीं तिन्ही पदें आपापल्या जागीं बसतात.

शंका अशी निघेल कीं 'प्राक्कृतसंस्कार' ह्या पदानें तुपाचा लेपच पूर्वीं द्यावा असें कां सुचविलें नसेल? निघूं शकते, आणि ती अगदींच टाकाऊ नाहीं. पण लेप किंवा मुरवणी सांगावयाची असली तेव्हां शास्त्रकारांपाशीं 'घृतलिप्त', 'घृताक्त', 'घृतभावित' असे सरळ शब्द होते व ते त्यांनीं वापरलेही आहेत. 'भाजन' शब्दाच्या मागें जेव्हां एखाद्या द्रव्याचें नांव येतें तेव्हां तें द्रव्य त्या भांड्याचें नित्य आधेय असतें, लेप नव्हे.

ह्या बाबतींत वैद्यांपेक्षां वैयाकरण अधिक उपयोगीं पडतात. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं समासाचा विचार चालला असतां पतंजलीनें महाभाष्यांत तुपाच्या घागरीचाच दृष्टांत घेतला आहे. घागरींतलें तूप ओतून टाकिलें तरी लोक तिला तुपाची घागर म्हणतात, तेलाच्या घागरीला तेलाची म्हणतात. आधेय गेलें तरी त्याचा संबंध नांवांत उरतो. त्यावर लगेच आक्षेप येतो कीं हा दृष्टांत जुळत नाहीं, कारण तूप ओतलें तरी त्याचा कांहीं अंश घागरींत राहतोच; ती घागर विस्तवावर चांगली तापवून गवताच्या कुंच्यानें धुऊन काढा, मग तुपाची कोणती व तेलाची कोणती हें कळणार नाहीं. तेव्हां भाष्यकार दुसरा दृष्टांत देतो, तो मोगऱ्याच्या व चांफ्याच्या फुलांच्या पुड्याचा : फुलें झाडून टाकिलीं तरी पुडा मोगऱ्याचा तो मोगऱ्याचाच. कीलहॉर्नच्या मुंबईच्या आवृत्तींत किंवा वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांच्या मराठी भाषांतरांत जिज्ञासूंनीं हा भाग अवश्य पाहावा. व्याकरणाचा वाद तेथें कसाही सुटो. आपणांस त्यांतून मिळतें तें हें कीं इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमारास तुपाची रिकामी घागर ही घरोघर ओळखीची वस्तु होती, तिच्यांत तूप मुरलेलें असतें हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तें घालवावयाचें तर विस्तव लागतो हेंही ठाऊक होतें.

अशी घागर वैद्यानें कां निवडावी, हें समजण्यास ग्रंथ लागत नाहींत. दोन मडकीं पुरतात. आमच्या घरीं आजीच्या वेळची एक तुपाची घागर माळ्यावर होती. गेल्या उन्हाळ्यांत तिच्याशेजारीं बाजारांतून आणलेलें तेवढ्याच आकाराचें कोरें मडकें ठेवून दोहोंत सारखें पाणी घातलें. सकाळीं कोऱ्या मडक्याखालची फरशी ओली होती व पाणी गार होतें. घागरीखालीं फरशी कोरडी होती आणि पाणी कोमटच होतें. रांजणांतलें पाणी गार राहतें तें मातीच्या बारीक छिद्रांतून झिरपून वाऱ्यानें उडतें म्हणून. पिण्याच्या पाण्यास हा गुण आहे, संधानास तोच दोष. कारण ज्या वाटेनें रस बाहेर येतो त्या वाटेनें वारा आंत जातो, आणि वारा लागलेलें आसव आंबट होऊन शुक्त बनतें. तुपानें तीं छिद्रें बुजतात. एका दिवसाच्या लेपानें तीं वरवर बुजतील. चार-पांच वर्षें तूप मुरलेल्या मडक्याची भिंत मात्र आंतपर्यंत भरलेली असते. माझा हा प्रयोग शाळामास्तरी आहे, ह्याहून अधिक त्याची प्रतिष्ठा मी सांगत नाहीं.

अशा जुन्या भांड्याची गरज वैद्यशाळेलाच होती असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाचा पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगून त्यांच्या कृति दिल्या आहेत. मेदकाची कृति वाचतांना तर ही एक प्रकारची बिअरच आहे असें वाटतें : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. आढकाचे चार प्रस्थ व द्रोणाचे सोळा, म्हणजे सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व हें प्रमाण झालें. किण्व म्हणजे उडीद व तांदूळ वाटून, त्यांत मोरटादि वनस्पति घालून केलेलें विरजण. त्याहून महत्त्वाचें असें कीं सरकारी मक्ता इतका कडक असूनही कुटुंबवत्सल गृहस्थांस घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट घरींच करण्याची मोकळीक तेथें दिली आहे, आणि उत्सव, समाज व यात्रा ह्यांसाठीं चार दिवसांची परवानगी आहे. सुरा व किण्व ह्यांचें काम बायकामुलांनीं करावें असेंही म्हटलें आहे. बायकामुलांच्या हातचें काम म्हणजे घरांतल्या भांड्यांतलें काम, असें मी समजतों. ज्या घरांत सुरेसाठीं वर्षांतून दोनदांच भांडें लागतें तें घर त्यासाठीं निराळें भांडें करीत नाहीं. असलेलें कामीं लावतें.

धान्याच्या सुरेची परंपरा ह्याहूनही जुनी आहे. सौत्रामणी यागांत शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव, लाह्या व नग्नहु नांवाचें विरजण ह्यांपासून सुरा करून ती तीन रात्रीं ठेवीत. मोड आणलेलें धान्य हा आजच्या बिअरचाही पाया आहे. असो.

धर्मशास्त्रकारांनीं हीच गोष्ट उलट बाजूनें पाहिली. याज्ञवल्क्यानें विटाळलेलें मातीचें भांडें पुन्हां भाजल्यानें शुद्ध होतें असें सांगितलें. मनूनें मात्र अपवाद घातला. मद्य, मूत्र, विष्ठा, थुंकी, पू व रक्त ह्यांचा स्पर्श झालेलें मडकें पुन्हां भाजूनही शुद्ध होत नाहीं. आज ह्यांत केवळ सोवळें दिसेल. मला त्यांत मातीच्या स्वभावाचें निरीक्षणही दिसतें : मडकें जें पितें तें धरून ठेवतें. वैद्य त्याच निरीक्षणाचा फायदा घेतो, स्मृतिकार त्याच निरीक्षणाचें भय बाळगतो. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत, म्हणजे आपल्या मराठवाड्याला लागूनच लिहिली, हें येथें सहज आठवतें.

पश्चिमेकडील लोकांचा अनुभवही ह्याहून वेगळा नव्हता. गोदावरीच्या खोऱ्यांत नेवाशास १९५४ ते १९५६ ह्या काळांत सांकलिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं केलेल्या उत्खननांत परदेशी मद्यकुंभांचे तुकडे सांपडले. असले कुंभ आंतून राळ किंवा डांबर ह्यांनीं लिंपीत. आमचें तूप, त्यांची राळ. छिद्रें बुजविण्याची युक्ति एकच.

आतां परभणीकडे येतों. ह्या जिल्ह्यांत मोहाचीं झाडें थोडीं. ओढ्यांच्या कांठीं शिंदी पुष्कळ. निजामाच्या राज्यांत शिंदीचे गुत्ते लिलावानें दिले जात, १३१६ फसलीच्या आबकारी कायद्यानें तो व्यवहार बांधलेला होता, आणि सरकारच्या उत्पन्नांत आबकारीचा वांटा फार मोठा होता. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत शिंदीचीं झाडें तोडणें हा सत्याग्रहाचा एक भाग झाला. त्यांत झाडें पडलीं. पण भांड्यांविषयींचें जें बारीक ज्ञान शिंदी काढणारांपाशीं होतें त्याची नोंद फारशी झाली नाहीं. झाडाला जें मडकें अडकवितात त्याला आंतून चुन्याचा हात दिला तर सकाळीं गोड नीरा मिळते. तेंच मडकें न धुतां पुन्हां पुन्हां लाविलें तर मागच्या रसाचें किण्व मातींत मुरलेलें असल्यामुळें रस उतरतां उतरतां फसफसूं लागतो. झाड एक, रस एक. नीरा कीं शिंदी हें मडक्याच्या पूर्ववृत्तावर ठरतें. सुश्रुताचा 'प्राक्कृतसंस्कार' ह्याहून अधिक स्पष्ट करून दाखविणें कठीण आहे.

मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास परभणीवरून सुरू झाला. रॉकेलचे चौकोनी पत्र्याचे डबे ह्या काळांत खेडोपाडीं पोंचले, आणि रिकामा डबा हा मराठवाड्यांतल्या प्रत्येक घराचा सोबती झाला : पाणी तापवावयास डबा, धान्य मोजावयास डबा, तुळस लावावयास डबा. भट्टी लावणारांनींही तोच उचलला. पुढें मोटारीच्या रबरी ट्यूबा आल्या, त्यांतून माल हलूं लागला. आणि आतां सर्वत्र प्लास्टिकचें निळें पिंप व पांढरा कॅन आहे. दुष्काळांत पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या दारांपुढें निळ्या पिंपांची रांग असते. तीं बहुतेक कारखान्यांतून एकदां वापरून निघालेलीं व भंगारवाल्याकडून घेतलेलीं असतात. हातभट्टीवर धाड पडली म्हणजे ओतून टाकिलें जाणारें आंबवणही तसल्याच पिंपांत असतें. पंचनाम्यांत त्या आंबवणाला 'रसायन' म्हणतात. जो शब्द चरकानें वार्धक्य दूर ठेवणाऱ्या औषधांसाठीं योजिला तो गूळ व नवसागर ह्यांच्या मिश्रणाला लागलेला पाहून संस्कृत शिकविणाऱ्या माणसास थोडें हंसूं येतें.

कायद्याची गोष्ट येथें सांगून ठेवणें बरें. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून मद्य तयार करणें आपल्या राज्यांत गुन्हा आहे, मग तें भट्टीचें असो कीं घरच्या कॅनांतली बिअर असो. कौटिल्यानें गृहस्थास दिलेली मोकळीक आज येथें नाहीं. इंग्लंडांत घरगुती बिअरचा परवाना १९६३ सालीं रद्द झाला आणि अमेरिकेच्या संघराज्याचा तसा कायदा १९७८ त होऊन पुढल्या वर्षीं अंमलांत आला. तेव्हांपासून तिकडे हौशी लोक उपाहारगृहांतून व बेकऱ्यांतून निघालेल्या प्लास्टिकच्या बादल्या आणून त्यांत बिअर करतात.

पण आंबविणें म्हणजे दारूच असें नव्हे, आणि आमच्याकडील खरें उदाहरण निराळेंच आहे. मार्गशीर्षांतल्या अमावस्येस, जिला दर्शवेळा अमावस्या किंवा लोकांच्या तोंडीं येळवस म्हणतात, लातूर-धाराशिवकडे आणि आमच्या जिल्ह्याच्या त्या बाजूच्या गांवांत सारें घर शेतावर जेवावयास जातें. त्या दिवशींचें मुख्य पेय ज्वारीच्या पिठाची, ताकांत आंबविलेली आंबील. पूर्वीं ती मातीच्या घागरींत करून डोक्यावरून शेतांत नेत. आंबिलीची घागर घरांत वेगळी असे व ती दुसऱ्या कामास लावीत नसत. 'अम्ल' ह्या शब्दाचें नातें जपणारी ही आंबील व जुन्या वैद्यकांतलें धान्याम्ल ह्यांचें कूळ एकच दिसतें.

कांहीं वर्षांपूर्वीं सोनपेठकडील एका आप्ताच्या शेतावर येळवशीस जावयाचें होतें. आंबील न्यावयाचें काम माझ्याकडे आलें. घागर जड, फुटण्याचें भय, आणि माझे गुडघे कुरकुरणारे; म्हणून घरांतला पांढरा प्लास्टिकचा कॅन घेतला. त्यांत पूर्वीं लिंबाचें लोणचें होतें. कॅन गरम पाण्यानें, सोड्यानें, राखेनें धुतला, चार दिवस उन्हांत ठेवला, नाकाशीं नेला तेव्हां कांहीं वास येईना. आंबील त्यांत रात्रभर राहिली मात्र, सकाळीं झांकण काढतांच हिंग व मोहरी. शेतावर सर्वांनीं ती मुकाट्यानें प्यायली. केवळ घरच्या म्हातारीनें विचारलें, 'भाऊ, कशाच्या भांड्यांत केली होती?' आंबील कशाची असें तिनें विचारलें नाहीं.

ह्याचें कारण पुढें समजून घेतलें. आपण प्लास्टिक म्हणजे कांच समजतों. ती चूक आहे. ज्या पदार्थाचे हे कॅन व निळीं पिंपें असतात, ज्यांच्या बुडाशीं त्रिकोणांत २ हा आंकडा असतो, तें पॉलिएथिलीन स्वतः तेलाच्याच कुळांतलें आहे. पाणी त्यांत शिरत नाहीं, परंतु तेलें, रॉकेल, वासाचीं द्रव्यें व कांहीं द्रावणें त्याच्या अंगांत हळूहळू मुरतात आणि नंतर भरलेल्या रसांत तशींच हळूहळू उतरतात. घांसल्यानें तीं निघत नाहींत. उलट ओरखड्यांत जंतूंस जागा होते. मडकें पुन्हां भाजतां येत असे, पतंजलीची घागर विस्तवावर तापवितां येत असे. प्लास्टिकला तीही सोय नाहीं. परदेशांतील हौशी लोकही आपापसांत हेंच सांगतात कीं लोणच्याची बादली बिअरला घेऊं नये. सोनपेठच्या शेतावर मला हें त्यांच्याआधीं कळलें होतें.

लोणच्याच्या वासानें कोणी मरत नाहीं. पिंपांत पूर्वीं कीटकनाशक किंवा कारखान्याचें द्रावण असेल तर गोष्ट वेगळी. येथें एक भेद मात्र राखला पाहिजे. १९९१ सालीं विक्रोळीस आणि २०१५ च्या जूनमध्यें मालवणीस विषारी दारूनें माणसें मेलीं, मालवणीस तर शंभराहून अधिक. तेथें कारण मिथेनॉल हें कारखानी द्रव्य दारूंत मिसळलें गेलें हें होतें, भांड्यांत मुरलेला अंश नव्हे. दोन्ही एकत्र करून भांड्यावर खापर फोडणें हें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. तथापि भंगारांतलें पिंप विकत घेणारा त्यांत पूर्वीं काय होतें हें विचारीत नाहीं, आणि विचारलें तरी विकणारास तें ठाऊक नसतें. परभणीच्या बाजारांत मीं तीन ठिकाणीं विचारून पाहिलें. एकानें 'साबणाचें' म्हटलें, दुसऱ्यानें 'कंपनीचें', तिसऱ्यानें 'धुऊन घ्या' एवढेंच. सुश्रुताच्या वाचकास घृतभाजन म्हणतांच भांड्याची सारी कुंडली कळत असे. ती कळावी म्हणूनच तो शब्द होता.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाच्या पोथ्या आहेत त्यांना एक विनंति आहे. आसवारिष्टांच्या प्रकरणांत घृतभाजन, घृतभांड किंवा घृतकुंभ ह्या शब्दांवर समासांत कोणी मराठी टीप लिहिली असेल तर ती पाहून कळवावी. जुन्या वैद्यांस अशा टिपा लिहिण्याची संवय होती, आणि 'तुपाचें मडकें' कीं 'तूप लावून' ह्या दोहोंपैकीं एखाद्या टिपेनें माझें म्हणणें पक्कें होईल किंवा पडेल. दुसरें, शिंदी काढणारांच्या, गवळ्यांच्या व कुंभारांच्या घरीं मडक्यांच्या पूर्ववापराविषयीं जे नियम अजून बोलण्यांत आहेत तेही लिहून घ्यावे. पोथी शंभर वर्षें थांबेल, तीं माणसें थांबणार नाहींत.

आमच्या घरच्या घागरीला मीं आतां चिठ्ठी लाविली आहे. तीवर लिहिलें आहे : 'तुपाची. दुसरें कांहीं घातलेलें नाहीं. उन्हाळ्यांत एकदां पाणी.'